पुतळा आणि मूर्ती : पर्तगाळीच्या कांस्यरामाच्या निमित्ताने

काणकोण तालुक्यात पर्तगाळी येथे कुशावती नदीच्या काठी श्रीसंस्थान गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठ आहे. या मठाच्या परंपरेला साडेपाचशे वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने जो महोत्सव साजरा झाला, त्यात २८ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रभू रामचंद्राच्या ७७ फूट उंचीच्या कांस्यपुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. शिल्पकार राम सुतार. अनावरणानंतर तीन आठवड्यांच्या आतच या शतायुषी शिल्पकाराचे नोएडा येथे निधन झाले. त्यामुळे पर्तगाळीचा राम हे त्यांच्या हयातीत उभ्या राहिलेल्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक ठरले.

आमच्या पेडणे-डिचोलीकडून पर्तगाळी म्हणजे गोव्याचे दुसरे टोक. तरीही इकडील पुष्कळ मंडळी तेथे जाऊन आली आणि परतल्यावर त्यांच्या बोलण्यात दोन तऱ्हा आढळल्या. भाविकांनी हात जोडले आणि 'केवढा तो राम!' एवढेच म्हटले. स्वतःस रसिक म्हणविणाऱ्यांनी 'आणखी एक भव्य पुतळा' असे म्हणून मान फिरविली. वृत्तपत्रांनी उंची सांगितली, सोहळ्याचे वर्णन केले, जगातील सर्वांत उंच राम म्हणून गौरव केला. परंतु शिल्प म्हणून या कृतीचे गुणदोष कोणते आणि आपल्या देवालयांच्या परंपरेत तिचे स्थान कोणते, याचा विचार झालेला आमच्या पाहण्यात नाही. तो व्हावयास हवा. कारण पर्तगाळीचा राम पाहून आलेल्या प्रत्येक म्हाजनाच्या मनात आता एक प्रश्न उभा राहणार आहे : आपल्या देवळासमोर असे काही का असू नये?

प्रथम शिल्पकाराविषयी. राम वनजी सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळ्याजवळील गोंदूर या गावी झाला. श्रीराम जोशी या गुरूंनी त्यांच्या हातातील गुण ओळखला आणि त्यांना मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत धाडले. तेथे मेयो सुवर्णपदक मिळवून ते पुरातत्त्व खात्यात रुजू झाले आणि १९५० नंतरच्या दशकात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांनी केले. पुढे सरकारी नोकरी सोडून दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. गांधीसागर धरणावरील पंचेचाळीस फुटी चंबळादेवी, संसदेच्या आवारातील बैठे गांधीजी, नर्मदेकाठचे १८२ मीटर उंचीचे सरदार पटेल अशी त्यांची वाट मोठ्याकडून अधिक मोठ्याकडे गेली. एक खानदेशी सुतार-घराण्यातील मुलगा साऱ्या देशाच्या चौकांना आकार देतो, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे. त्यांच्या हातचे सर्वोत्तम गुण दोन : चेहऱ्याचे साम्य आणि उभे राहण्याचा डौल. मनुष्य कसा उभा राहत असे, धोतराची चूण कशी पडत असे, खांद्यावरील उपरणे कसे घसरत असे, हे त्यांना अचूक कळत असे. व्यक्तिशिल्पाच्या कलेत त्यांच्या बरोबरीचे शिल्पकार आपल्याकडे फार थोडे झाले.

परंतु रामचंद्राचे छायाचित्र नाही. येथेच आमच्या विषयाला सुरुवात होते.

आपण बोलण्याच्या ओघात पुतळा आणि मूर्ती हे शब्द एकाऐवजी दुसरा असे वापरतो. शास्त्राला ते मान्य नाही आणि नवल असे, की कायद्यालाही ते मान्य नाही. आमच्या व्यवसायात हा भेद रोजच्या कामाचा आहे. प्राणप्रतिष्ठा झालेली देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे. ती मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते, तिच्यावर कर बसू शकतो. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील देवतेसंबंधीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली असे ठरविले, की कुलदेवता ही कोणी उचलून कोठेही ठेवावी अशी जंगम वस्तू नव्हे. तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका प्रकरणात आणखी स्पष्ट केले, की कायद्याची 'व्यक्ती' ही दगडाची वा धातूची आकृती नसून तिच्या ठायी प्रतिष्ठित झालेला धर्महेतू आहे. अयोध्येच्या २०१९ च्या निकालात रामलल्ला विराजमान हे वादी म्हणून मान्य झाले, ते याच न्यायाने. उलटपक्षी पुतळा ही वस्तू आहे. त्याला मालक असतो. तो स्वतः कशाचाही मालक नसतो. मूर्ती भंगली तर तिचे विसर्जन करून नवी प्रतिष्ठा करावी लागते. पुतळा मोडला तर दुरुस्त करता येतो.

हा भेद सांगण्यात पुतळ्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मूर्तीचे तेज शिल्पाच्या गुणावर अवलंबून नसते, इतकेच सांगावयाचे आहे. वेडीवाकडी मूर्तीही प्रतिष्ठेने, पूजेने, पिढ्यांच्या नमस्कारांनी देव होते. पुतळ्यामागे अशी पूजेची पुंजी नसते. त्याला आपले सारे मोठेपण आपल्या आकारातूनच कमवावे लागते. म्हणून मूर्तीवर टीका करणे अप्रस्तुत आणि पुतळ्यावर टीका न करणे हा त्याच्यावर अन्याय. पर्तगाळीच्या मठात जे आराध्य आहे, ते श्रीरामदेव आणि वीरविठ्ठल. त्यांच्या पूजेची परंपरा गुरुशिष्यक्रमाने चालत आली आहे, आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. बाहेर उघड्या आकाशाखाली उभा असलेला कांस्यराम मात्र शिल्प आहे आणि त्याच्याकडे शिल्प म्हणून पाहणे हाच त्याचा मान आहे.

आता आपल्याकडील देव कसे आहेत ते क्षणभर आठवावे, कारण या नव्या शिल्पाचे नवेपण त्याशिवाय ध्यानात यावयाचे नाही. डिचोली तालुक्यात शिरगावची श्रीलईराई कळसरूपाने पुजली जाते. वैशाखातल्या जत्रेला हजारो धोंड ज्या देवीसाठी अग्निदिव्य करतात, तिला मनुष्याकृती मुख नाही. गावोगावची सातेरी ही मुळात रोयण, म्हणजे वारुळाची माती. पेडण्याच्या पुनवेला कोजागिरीच्या रात्री रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. लुगडी नेसविलेले ते उंच स्तंभ माणसांच्या खांद्याशी नाचू लागले, की कोणाला नाक-डोळ्यांची उणीव भासत नाही. तोच भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो, रुसतो, रानाकडे धावतो आणि भक्तांनी आश्वासन दिल्यावर परततो. देऊळ काही होत नाही आणि पुढल्या वर्षी देव पुन्हा मागतो. नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर लिंगरूप आहे. दिवाडी बेटावरील त्याचे मूळ देवालय पोर्तुगीजांनी मोडल्यावर तो नदीपलीकडे डिचोलीच्या मुलुखात आला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा बांधविले. कळस, माती, स्तंभ, लिंग. आमच्या भूमीतील देवांनी रूपाच्या बाबतीत असा संकोच पाळला आहे आणि भक्तांनी उरलेले आपल्या मनात भरून घेतले आहे.

आणखी एक विशेष असा, की आमचे देव चालते आहेत. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. सोळाव्या शतकात कित्येक देवांनी भक्तांच्या डोक्यावर बसून रात्रीच्या रात्री नद्या ओलांडल्या. उचलता येईल एवढाच देव असणे, ही त्या काळी त्याच्या रक्षणाची अट होती. आजही पालखीतली उत्सवमूर्ती चार खांद्यांना पेलेल एवढीच असते. या पार्श्वभूमीवर ७७ फुटांचा, जमिनीत पाय रोवून उभा राहिलेला राम पाहिला म्हणजे प्रथम जो अर्थ मनात येतो, तो शिल्पाचा नसून इतिहासाचा आहे. ज्या समाजाने आपले देव लपवून, उचलून, पळवून वाचविले, त्याच समाजाने आता आपला देव असा उभा केला, की तो कोणी हलवू शकणार नाही आणि कोणापासून लपविण्याचीही गरज नाही. पर्तगाळीला जाऊन आलेल्या वृद्ध मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर ते या अर्थाने आले, आणि त्याला भाबडेपणा म्हणणाऱ्या रसिकाला गोमंतकाचा इतिहास ठाऊक नाही असे आम्ही म्हणू.

परंतु इतिहासाचा अर्थ हा प्रेक्षक आपल्याबरोबर घेऊन जातो. शिल्पाने स्वतः काय दिले, हे वेगळे विचारले पाहिजे.

त्याचे देणे कमी नाही. धनुर्धारी राम उभा दाखविताना शिल्पकारापुढे दोन मोह असतात. एक वीरश्रीचा : ताणलेली छाती, आवळलेला जबडा, शत्रूवर रोखलेली दृष्टी. अलीकडे भिंतींवर आणि मोटारींच्या काचांवर जे रागीट देव दिसू लागले आहेत, ते या मोहाचे अपत्य. दुसरा मोह गोडव्याचा : दिनदर्शिकेवरचा हसरा, गुलाबी राम. सुतारांनी पहिला मोह पूर्णपणे टाळला आहे. त्यांचा राम शांत आहे. त्याच्या हाती धनुष्य आहे, पण तो युद्धाला निघालेला नाही. धनुष्य हे त्याच्या अंगाचाच एक भाग असावे तसे त्याने बाळगले आहे. मर्यादापुरुषोत्तम या कल्पनेला हे साजेसे आहे. सामर्थ्य जवळ असून ते न वापरणाऱ्याची स्थिरता दाखविणे सोपे नसते, आणि शंभरीला टेकलेल्या हाताने ती दाखविली हे विशेष. माडा-पोफळींच्या हिरवाईत ही तपकिरी-सोनेरी आकृती दुरून दिसते तेव्हा तिची बाह्यरेषा स्वच्छ आणि निःसंदिग्ध वाटते. दुरून पाहणाऱ्यासाठी केलेल्या शिल्पाची ही पहिली कसोटी असते, आणि तीत ते उतरते.

उणेपण जवळ गेल्यावर जाणवते. एवढ्या उंच आकृतीचा एक अंगभूत पेच असतो. शिल्पशास्त्रात उत्तम दशताल मानाने देवाची उंची १२४ अंगुळे धरतात आणि त्यांतील सुमारे तेरा मुखाला देतात. त्या हिशेबाने ७७ फुटांच्या आकृतीचे नुसते मुख आठ फुटांच्या आसपास भरावे. एवढे मुख सत्तर फूट वर असले, की खाली उभ्या असलेल्या माणसाला हनुवटी आणि नाकपुड्या प्रथम दिसतात, डोळे शेवटी. आपल्या देवदर्शनाचा सारा प्राण तर डोळ्यांत आहे. मूर्ती घडवून झाल्यावर नेत्रोन्मीलन हा वेगळा संस्कार आपण करतो. गाभाऱ्यात फुलांनी व दागिन्यांनी सारी मूर्ती झाकली तरी डोळे मोकळे ठेवतो. देवाने आपल्याकडे पाहिले, या प्रत्ययालाच आपण दर्शन म्हणतो. उत्तुंग पुतळ्यापुढे हा प्रत्यय येणे कठीण. तो आपल्या डोक्यावरून क्षितिजाकडे पाहतो. अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी प्रतिष्ठित झालेली, अरुण योगिराज यांनी घडविलेली रामलल्लाची मूर्ती अवघी ५१ इंचांची आहे. ती आपल्याच काळातील शिल्पकाराची कृती. पण तिच्याविषयी लोक बोलले ते तिच्या डोळ्यांविषयी. पर्तगाळीच्या रामाविषयी लोक बोलतात ते त्याच्या उंचीविषयी. दोन कृतींतला फरक या दोन बोलण्यांत आला.

दुसरे उणेपण याहून खोल आहे. दक्षिणेत चोळ राजांच्या काळी, दहाव्या-अकराव्या शतकांत, कांस्याचे राम ओतले गेले. ते दोन-तीन हात उंचीचे, उत्सवात मिरवावयाचे. शरीर त्रिभंगात किंचित झुकलेले. एक हात वर, धनुष्याला आधार द्यावा तसा. दुसरा खाली, बाण धरावा तसा. कित्येक मूर्तींत आज धनुष्यही नाही आणि बाणही नाही. तरीही त्या वर उचललेल्या रिकाम्या हातात पाहणाऱ्याला धनुष्य दिसते, कारण सगळे शरीर त्या धनुष्याभोवती रचलेले असते. खांदा, कंबर, गुडघा यांना शरीरशास्त्राचा हिशेब नाही. स्नायू नाहीत, शिरा नाहीत. श्वास भरून घेतलेल्या देहासारखा तो धातू आतून फुगलेला वाटतो. शुक्रनीतिसाराने मूर्तिकाराला जे सांगितले आहे त्याचा आशय असा, की ध्यान हेच त्याचे खरे साधन. समोर प्रत्यक्ष पाहूनही ते साधत नाही जे ध्यानाने साधते.

सर ज. जी. कलाशाळेची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. तीत प्रत्यक्ष पाहणे हेच सर्वस्व. या परंपरेने महाराष्ट्राला म्हात्रे, करमरकर, तालीम यांच्यासारखे थोर शिल्पकार दिले. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी पाहून ज्याची छाती भरून येत नाही असा मराठी माणूस विरळा. पण पुरुषाचे शिल्प घडविण्याची ही विद्या देवाला लावली, की एक अडचण येते. गांधीजींचा पुतळा करताना शिल्पकारापुढे गांधीजी असतात. राम करताना त्याच्यापुढे कोण असते? समोर प्रत्यक्ष नाही आणि ध्यानाची शिस्त शिकविलेली नाही. अशा वेळी हात आपोआप जे सर्वांच्या ओळखीचे आहे तिकडे वळतो, आणि आपल्या ओळखीचा राम म्हणजे राजा रविवर्म्यापासून छापखान्यांनी घरोघर पोहोचविलेला राम. पर्तगाळीच्या रामाचे मुख पाहून कोणीही म्हणेल, 'हा रामच.' ही ओळख तात्काळ पटते, आणि पटल्यावर तेथेच संपते. चोळांचा राम ओळखावयास आपल्याला वेळ लागतो. परंतु ओळखल्यावर त्याच्यापासून निघवत नाही.

या ठिकाणी कोणी विचारील, की मग ज. जी. परंपरेच्या शिल्पकाराने अध्यात्माच्या वाटेला जाऊच नये काय? जावे; आणि ती वाट दाखविणारी एक कृती मराठी शिल्पकलेच्या आरंभीच आहे. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत १८९६ साली 'मंदिरपथगामिनी' घडविली. नऊवारी नेसलेली एक तरुण स्त्री पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे चालली आहे, एवढेच. तेही प्लास्टरमध्ये आणि मनुष्याच्या मापात. रवींद्रनाथ टागोरांनी त्या शिल्पावर बंगालीत लेख लिहावा, इतके ते तेव्हा गाजले. तीत देव कोठेच नाही, देऊळही नाही. परंतु तिच्या पावलाच्या टाकण्यात, मानेच्या किंचित कलण्यात ती कोणाकडे चालली आहे हे कळते, आणि जो दिसत नाही तो जाणवतो. म्हात्र्यांनी प्रत्यक्ष पाहण्याच्या विद्येला झेपेल तेच काम तिच्याकडून करून घेतले : देव न दाखविता भक्त दाखविला. लईराईचा कळस आणि मंदिरपथगामिनी या दोहोंत आम्हांला एक नाते दिसते. दोन्हींनी पाहणाऱ्यासाठी जागा मोकळी सोडली आहे. पर्तगाळीच्या रामात सर्व काही दाखविलेले आहे. आपण भर घालावी असे त्याने काही शिल्लक ठेवलेले नाही. ही त्याची मर्यादा आहे, आणि ती एकट्या शिल्पकाराची नसून, देवाचा पुतळा फुटांनी मागणाऱ्या आपल्या सर्वांची आहे.

फुटांच्या हिशेबाविषयी आणखी थोडे. जगातील सर्वांत उंच, हा मान फार अल्पायुषी असतो. आंध्र प्रदेशात कर्नूल जिल्ह्यात मंत्रालयम येथे १०८ फुटी रामाची पायाभरणी २०२३ सालीच झाली आहे, आणि तोही सुतारांच्याच शिल्पशाळेतून योजलेला. म्हणजे ७७ फुटांचा अभिमान आपण बाळगीपर्यंत त्याहून मोठ्या फुटांची तयारी चालू होती. ज्या कृतीचे मोठेपण दुसऱ्या कोणी मोजपट्टी आणली की संपते, त्या मोठेपणावर देवस्थानांनी आपली पुंजी लावावी काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. आमच्या पेडण्याच्या सीमेला लागून सिंधुदुर्ग जिल्हा आहे. तेथे मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिने भरण्यापूर्वीच कोसळला. वाऱ्याचे कारण सांगण्यात आले, गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा झाली, दोषारोप झाले. पुढे त्याच जागी राम सुतारांच्याच शिल्पशाळेतून घडलेला अधिक भक्कम पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला. मालवणच्या त्या दिवशी कोकणातल्या माणसाला जे दुःख झाले ते आठवावे, आणि पुतळा देवाचा असता तर काय झाले असते याची कल्पना करावी. भंगलेल्या मूर्तीसाठी शास्त्रात विधी आहे. कोसळलेल्या देवाच्या पुतळ्यासाठी कोणताही विधी नाही. पंचनामा आहे आणि निविदा आहे.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी धातूचे थोडे काम माहीत असावे लागते. आपली जुनी कांस्यमूर्ती मेणावर घडविलेली असते. मेणाची आकृती, तिच्यावर मातीचे लेप, तापवून मेण वाहून काढणे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतणे : कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लासात या विधीचे वर्णन केले असून, मेण तोलून त्यावरून धातूचे वजन ठरवावयास सांगितले आहे. दक्षिणेतील उत्सवमूर्ती भरीव असते. ती शतकानुशतके मातीत पुरली गेली तरी तशीच बाहेर निघते. आजचा उत्तुंग पुतळा ही वेगळी वस्तू आहे. आत पोलादाचा सांगाडा, बाहेर तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडलेली कांस्याची कातडी. कांस्य टिकते, पोलाद गंजते. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात तर ते फार लवकर गंजते. म्हणून अशा पुतळ्याचे आयुष्य शिल्पकाराइतकेच अभियंत्यावर आणि दरवर्षी सांगाडा तपासणाऱ्या माणसावर अवलंबून असते. उभारणीची देणगी देणारे पुष्कळ मिळतात. तपासणीचा खर्च सोसणारा यजमान शोधून सापडत नाही.

गोव्यातील देवालयांचा कारभार १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासून म्हाजनांच्या सभेने निवडलेल्या समितीच्या हाती आहे. समितीचा पैसा तिचा नव्हे, देवाचा. आणि देव, वर म्हटल्याप्रमाणे, कायद्याने व्यक्ती आहे. दुसऱ्याचा पैसा खर्च करणाऱ्याने जी दक्षता घ्यावयाची ती समितीने घेतली पाहिजे. एखाद्या म्हाजनाने सभेत पुतळ्याची सूचना मांडलीच, तर इतरांनी आदरपूर्वक काही प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. शिल्पकाराने मातीचा लहान नमुना दाखविला आहे काय, आणि तो नमुना हातभर उंचीचाही चांगला दिसतो काय? जो हातभर उंचीचा निर्जीव आहे, तो पन्नास फुटांचा झाल्याने सजीव होत नाही. खाली उभ्या असलेल्या मुलाला त्याचे डोळे दिसतील काय? सांगाड्याची हमी कोणी दिली आहे आणि किती वर्षांची? देखभालीचा निधी वेगळा काढला आहे काय? आणि शेवटी, ज्या देवाचा हा पुतळा, तो गाभाऱ्यात ज्या रूपात आहे त्या रूपाशी याचा काही संबंध आहे काय, की कळसरूप देवीला आपण चित्रपटातले मुख देत आहोत?

या प्रश्नांची उत्तरे देता आली तर पुतळा जरूर करावा; पर्तगाळीच्या मठाने एक थोर शिल्पकार निवडून कामाची एक पातळी घालून दिली आहे, तिच्याखाली कोणी जाऊ नये. उत्तरे देता आली नाहीत तर त्याच पैशाला दुसरी वाट आहे, आणि ती आमच्या गावातूनच जाते. डिचोलीच्या कासारांच्या पितळी समया सबंध गोव्यातील देवघरांत तेवतात. ओतणे, कातणे, घासणे यांची ती विद्या पिढ्यांची आहे, आणि यंत्राच्या स्वस्त मालापुढे ती दिवसेंदिवस मागे हटत आहे. एखाद्या देवस्थानाने या कारागिरांच्या मुलांना शिल्पशाळेत धाडून मेणावरचे ओतकाम शिकविले, पालखीसाठी हातभर उंचीची नवी उत्सवमूर्ती त्यांच्याकडून ध्यानपूर्वक घडवून घेतली, तर दहा वर्षांनी गोव्याच्या स्वतःच्या कांस्यशिल्पाविषयी लिहिण्याची संधी आम्हांला मिळेल. राम सुतारांनाही गोंदूरसारख्या गावातून एका गुरूने उचलले म्हणूनच ते राम सुतार झाले.

पर्तगाळीला ज्यांनी अद्याप जाणे झाले नसेल त्यांनी जरूर जावे. आधी मठात जाऊन रामदेव-वीरविठ्ठलाचे दर्शन घ्यावे आणि मग बाहेर येऊन कांस्यरामाकडे निवांतपणे, जवळून व दुरून, दोन्हीकडून पाहावे. आत डोळे मिटावेसे वाटतील आणि बाहेर उघडे ठेवावे लागतील. आमच्या मताशी वाचक सहमत होतीलच असे नाही. त्यांनी पाहून आपले मत ठरवावे, आणि म्हाजनांच्या सभेत ते मोकळेपणाने सांगावे.